फर्मान आणि वटहुकूम

"गुरुजी, वटहुकूम काढून कायदा होत असेल, तर आमदार निवडून द्यायचे कशाला?"

गोंदियालगतच्या आमच्या मुर्रीत, धानाची कापणी तोंडावर आली असताना, शेजारच्या काकांनी ओट्यावर बसून हा प्रश्न टाकला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वृत्तांची लक्षणे विचारली असती तर बरे झाले असते! "सभागृह बसलेले नसते, तेव्हा अडचणीपुरता काढतात," असे सांगून मी सुटका करून घेतली. पण मनाला चुटपुट लागली. रात्री इंग्लंडचा इतिहास काढून बसलो. चार्ल्स राजाचे डोके १६४९ साली उडवले, एवढे ध्यानात होते. का उडवले, ते परीक्षेबरोबरच विसरलो होतो.

खरी मेख सापडली ती त्याच्या बापाच्या कारकिर्दीत. पहिल्या जेम्सने फर्माने काढली होती: लंडनभोवती नवी घरे बांधू नका, गव्हापासून खळ करू नका. (कपड्यांच्या खळीत राजाने लक्ष घालावे, याची गंमत वाटते खरी, पण गहू खायचा की कॉलरला लावायचा, हा प्रश्न काही पोरकट नव्हे.) १६१० साली न्यायाधीश एडवर्ड कोक व त्यांचे सहकारी यांनी सांगितले, की पार्लमेंटवाचून नुसत्या फर्मानाने राजाला नवा गुन्हा निर्माण करता येत नाही. फर्मान चांगले की वाईट, हा मुद्दाच नव्हता. चार्ल्सने तर १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही.

आता पुण्याला या. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे वटहुकूम मोजले. १९६७ ते १९८१ या काळात ते २५६ भरले! घटनेच्या २१३ व्या कलमाप्रमाणे विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांनी वटहुकूम आपोआप गळून पडतो. पाटण्याची युक्ती सोपी होती: अधिवेशन भरवायचे, विधेयक मांडायचे नाही आणि अधिवेशन संपले की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा. उसासंबंधीचा एक तर जवळजवळ चौदा वर्षे जगला. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ रोजी न्यायालयाने ही घटनेची फसवणूक ठरवली आणि त्यांना खर्चापोटी १०,००० रुपये देवविले.

तरी खोड गेली नाही. १९८९ साली त्याच बिहारात वटहुकुमाने ४२९ खाजगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. वटहुकुमामागून वटहुकूम निघाले, कायदा झालाच नाही. १९९२ साली शेवटचा संपला. शिक्षक पगारासाठी न्यायालयात गेले. निकाल लागला २ जानेवारी २०१७ रोजी. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे: वटहुकूम सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे, आणि असल्या वटहुकुमांतून कायमचा हक्क उपजत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सारे सांगितले. जेम्स, चार्ल्स त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाले, "त्या मास्तरांचे काय झाले?"

"सरकारी नोकरी टिकली नाही. मिळालेला पगार मात्र परत घेऊ नये, असे न्यायालयाने सांगितले."

"पंचवीस वर्षांनी?" काका म्हणाले, आणि विळा घेऊन बांधीकडे निघाले.