शेवंतीला काळोख लागतो

जानेवारीअखेरीच्या सुमारास राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत पिटुनिया, डायांथसची फुललेली रोपं हौसेनं घरी येतात. गिरगावच्या गॅलरीत ती महिनाभर मिरवतात आणि होळीच्या आसपास मान टाकतात. मग घरात कुणीतरी म्हणतं, "आपल्या हाताला झाडं लागतच नाहीत." हाताचा दोष नसतो, रोप उशिरा आलेलं असतं.

पंचांगातला वसंत वसंत पंचमीला दारात येतो. मुंबईच्या कुंडीत मात्र तोवर थंडीच्या फुलांचा हंगाम उताराला लागलेला असतो. त्यांचं बी नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान पेरायला हवं, तेही ऑक्टोबरच्या उन्हापासून आडोशाला. त्यातही दक्षिण मुंबईची थंडी उपनगरांहून सौम्य. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांवर उतरला, कुलाब्याचा ११.७वरच थांबला. तिन्ही बाजूंचा समुद्र रात्री गार होऊ देत नाही. म्हणून पॅन्झीचा हट्ट इथे धरू नये. झेंडू, अॅस्टर, फ्लॉक्स आनंदानं फुलतात.

माझा खरा जीव शेवंतीवर. दादरच्या फूलबाजारात ती पाट्या भरभरून येते, पण घरच्या कुंडीत अनेकदा नुसता पालाच माजतो. खत कमी पडलं असं वाटून आपण आणखी खत घालतो. पण अडतं भलतीकडेच. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की ती कळ्या धरते. मध्येच उजेड पडला तर रात्र झालीच नाही असं समजते. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं ठरवण्याचा वनस्पतींचा स्वभाव गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये मांडला. डिसेंबरात मुंबईची रात्र तेरा तासांची असते, पण लालबागच्या चाळीत सामाईक गॅलरीतली ट्यूबलाइट पहाटेपर्यंत जळते, समोर रस्त्याचा दिवा असतो. त्या बिचारीला रात्र सापडणार कुठे?

गणपती गेले की कुंडी दिव्याआड सरकवा. जागाच नसेल, तर संध्याकाळी सहा-साडेसहाला जुन्या छत्रीचं काळं कापड दुहेरी करून काठ्यांवर टाका, सकाळी सातला न विसरता काढा. वारा खेळता राहील इतकं ते सैल असू द्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हा नेम चुकवू नका.

फुलं सरली म्हणून कुंडी रिकामी करू नका. झाड वीतभर ठेवून छाटा. बुंध्याशी फुटवे येतात. ते मुळांसकट वेगळे करून लावा, उन्हाळाभर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या, कारण साचलेल्या पाण्यात शेवंतीची मुळं कुजतात. नारळी पौर्णिमेपर्यंत शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड पसरतं. त्यानंतर कात्री लावू नका.