सव्वापाच इंचांची जागा

१९९६-९७च्या सुमारास सांगलीत मी असेंबल्ड संगणक जोडून द्यायला लागलो. तेव्हा सीडी ड्राइव्ह मागून बसवून घ्यायची चीज होती. लोक आधी फ्लॉपीवालं मशीन नेत. वर्षभराने मुलांनी हट्ट धरला की कॅबिनेट रिक्षात घालून परत आणत. फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी, सीडीत ६५०. साडेचारशे फ्लॉप्यांचा ऐवज एका चकतीत!

बसवायला अर्धा दिवस जायचा. कॅबिनेटची समोरची पट्टी काढून सव्वापाच इंची खणात ड्राइव्ह पुढून सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी बारीक आट्यांचे स्क्रू आवळायचे. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू घातले, तर भोकाचे आटे मरायचे. खरी कसोटी पाठीमागे. चाळीस पिनांच्या चपट्या आयडीई केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेला हवी. एका केबलवर दोन यंत्रं असतील, तर जम्पर लावून एकाला मास्टर नि दुसऱ्याला स्लेव्ह करायचं. दोघंही मास्टर झाले की बहुधा दोन्ही दिसेनासे व्हायचे. साउंड कार्डाकडे जाणारी बारीक ऑडिओ वायर विसरली, तर प्रोग्रॅम चालत, पण गाण्यांची सीडी मुकीच राही. हे सगळं जमून ट्रे पहिल्यांदा बाहेर आला की घरातली माणसं खुर्चीभोवती गोळा होत. तो आनंद मी अनेक घरांत पाहिला.

नंतर वेग वाढला. मूळ वेग सेकंदाला १५० केबी. त्याच्या बावन्न पटीपर्यंत मजल गेली. मग रायटर आले. लिहिताना संगणकाकडून माहिती येण्यात खंड पडला की कोरी सीडी वाया जायची. म्हणून रायटरला मी शक्यतो स्वतंत्र केबल द्यायचो. पुढे अशा खंडातून सावरणारे रायटर निघाले, तेव्हा हायसं वाटलं.

डीव्हीडीने साठा ४.७ जीबीवर नेला. तिचा लेसर ६५० नॅनोमीटरचा, सीडीचा ७८० चा. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर फक्त जुन्या लेसरलाच नीट दाद देतो. पहिल्या पिढीतले काही डीव्हीडी ड्राइव्ह त्यामुळे अशा सीडी वाचतच नसत. मग कंपन्यांनी एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही लेसर बसवले. नव्याने जुन्याला वाऱ्यावर सोडलं नाही, याचं मला आजही मोल वाटतं. ब्लू-रेने तिसरा, ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणला, तरी चकती तीच राहिली, १२० मिलिमीटरची.

२००३ मध्ये साटा आलं. सात पिनांची अरुंद केबल, एकाच बाजूने बसणारी. जम्पर नाही, मास्टर-स्लेव्हचा वाद नाही. २००६ मध्ये इंटेलच्या नव्या चिपसेटमधून आयडीई गेलं आणि हळूहळू ड्राइव्हही साटावर आले. अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांवर आलं. त्याच सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या. रायटर नसलेलं मशीन मागणारं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

बसवणं इतकं सोपं झालं आणि मग बसवायची जागाच गेली. २०१२ मध्ये आयमॅकमधून ड्राइव्ह नाहीसा झाला, २०१५ मध्ये विंडोज १० पेनड्राइव्हवर विकायला आलं. आजच्या बहुतेक कॅबिनेटांत पुढे पंखे नि काच असते. सव्वापाच इंची खण शोधावा लागतो.

मी मात्र एक जुनं कॅबिनेट मोडीत दिलेलं नाही. गेल्या वर्षी एक ताई वडिलांच्या आवाजातल्या कीर्तनाची सीडी घेऊन आल्या. वीस वर्षांपूर्वी घरीच लिहिलेली. त्यांच्या घरातल्या एकाही संगणकात ती घालायला जागा नव्हती. मी खणात साटा रायटर बसवला: दोन केबल, चार स्क्रू. ड्राइव्ह दोनदा अडखळला, तिसऱ्या खेपेला वाचू लागला.

अशा सीडीवरचा रंग ऊन-उष्णतेने विटत जातो. ते विटणं थांबवता येत नाही. म्हणून कपाटातल्या चकत्या आताच काढा, कुणाचं तरी जुनं मशीन गाठा आणि उतरवून घ्या. ताईंनी वडिलांचं कीर्तन माझ्या टेबलाशी उभं राहून पुरतं ऐकलं. ट्रे बाहेर आला, तरी त्या लगेच निघाल्या नाहीत.