एकही आकडा दिलेला नाही, तरी सुटते सुडोकू! फक्त चिन्हांवरून कोडं सोडवायची सोपी रीत

अमरावती/अकोला : पेपरातल्या सुडोकूत काही आकडे आधीच भरलेले असतात. पण ‘ग्रेटर दॅन सुडोकू’त एकही आकडा नसतो. घरांच्या मधात फक्त लहान-मोठ्याची चिन्हं असतात. बँक भरतीच्या परीक्षेत बुद्धिमत्तेचे असेच प्रश्न येतात, म्हणून तयारी करणाऱ्या पोरापोरींनी हे समजून घ्यावं.

नियम जुनेच : प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या रांगेत आणि ३×३ च्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच. एका चौकटीत १२ चिन्हं, पूर्ण कोड्यात १०८. चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या आकड्याकडे, टोक लहानाकडे.

आकड्याविना क्रम कसा कळतो? चिखलदरा अमरावतीपेक्षा उंचावर, अमरावती अकोल्यापेक्षा उंचावर. मग चिखलदरा अकोल्यापेक्षा उंच, हे सांगायला मीटर कशाला लागतात?

अशी करा सुरुवात

१) चौकटीत जे घर सगळ्या शेजाऱ्यांपेक्षा मोठं, तिथंच ९ बसू शकतो. जे सगळ्यांपेक्षा लहान, तिथंच १. अशी घरं दोन-तीन निघाली तर सगळ्यांवर पेन्सिलीनं खूण करा.

२) साखळी मोजा. एखाद्या घरापेक्षा तीन घरं लहान असतील, तर तिथं किमान ४. दोन घरं मोठी असतील, तर जास्तीत जास्त ७. म्हणजे उरले ४ ते ७.

३) आता ओळ आणि रांग पाहून एकेक आकडा खोडा.

छोटं उदाहरण

१ ते ४ आकडे, चार घरं :
□ > □ > □ < □

तिसरं घर सगळ्यात लहान, म्हणून १. दुसऱ्यात २ किंवा ३. त्याच्या उभ्या रांगेत २ आधीच आला असेल, तर इथं ३. मग पहिल्यात ४ आणि शेवटी २. झालं!

परीक्षेत इथंच फसगत होते

‘क > ख < ग’ दिलं असेल, तर क आणि ग यांत मोठा कोण? सांगताच येत नाही. चिन्हाची दिशा मधातच उलटली की साखळी तुटते. बँक परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, म्हणून अंदाजानं ठोकू नका.

नवीन असाल तर मोबाईलवर ‘फुतोशिकी’ शोधा. हे याचंच जपानी भावंड. यात चौकटी नसतात आणि ४×४ पासून सुरुवात करता येते.