दोन भाऊ, एक प्लॉट : घर कसे वाटावे, कसे बांधावे?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, महापालिकेत नोकरी करून आपल्या वडीलधाऱ्यांनी नाशकात हक्काची जागा मिळवली. कुणाला सिडकोचे छोटे घर मिळाले, कुणी पै-पै साठवून लहानसा प्लॉट घेतला. आज त्याच जागेत दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे आणि म्हातारे आई-वडील राहतात. जागा तेवढीच, माणसे तिप्पट. मग एक दिवस ठरते, की जुने घर पाडून मजले चढवायचे.

त्यानंतर घरात बोलणे होते ते सिमेंट, लोखंड आणि कर्जाच्या हप्त्यांचे. कोणती खोली कुठे, जिना कुठून, संडास कोणाचा, यावर फारसे कुणी बोलत नाही. मिस्त्री खडूने रेघा मारतो आणि काम सुरू होते. पण हप्ते दहा-पंधरा वर्षांत फिटतात, चुकीच्या जागी घातलेला जिना मात्र जन्मभर भांडण लावतो. म्हणून पहिली वीट ठेवण्यापूर्वी सर्वांनी, विशेषतः घरातल्या स्त्रियांनी, नकाशासमोर बसले पाहिजे.

भिंत नको, मजला वाटा

समजा, प्लॉट २० फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरे चिकटून आहेत. अशा वेळी पुष्कळ जण मधोमध भिंत घालून अर्धे-अर्धे घर करतात. हिशेब सरळ वाटतो, पण बाहेरच्या भिंतींची जाडी वजा जाता आत सुमारे १८ फूट उरतात. मधली भिंत गेली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेआठ फुटांचा बोळ येतो. शिवाय जिने दोन बांधावे लागतात. त्यापेक्षा एकेक मजला एकेका कुटुंबाला द्यावा. पूर्ण रुंदी मिळते, एकाच जिन्यात भागते आणि पुढेमागे तिसरा मजलाही चढवता येतो.

पुढे-मागे नियमाप्रमाणे जागा सोडून ३३ फूट लांबीचे बांधकाम धरले, तर त्याचे तीन पट्टे पाडावेत. पुढच्या पट्ट्यात ११ बाय १३ ची बैठकीची खोली आणि तिच्या शेजारी ७ बाय १३ चा जिना. मागच्या पट्ट्यात १० बाय १० ची झोपण्याची खोली आणि साडेसात बाय १० चे स्वयंपाकघर, दोन्हींच्या खिडक्या मागच्या मोकळ्या जागेत. मधला पट्टा ८ फुटांचा. त्यात एका कडेला वर आकाशापर्यंत उघडा ३ फूट रुंदीचा चौक आणि त्याला लागून साडेचार बाय साडेचारची न्हाणी व ३ बाय ४ चा संडास. जिना आणि चौक सोडून एका मजल्यावर चारशे चौरस फुटांच्या वर वापरती जागा मिळते. रमाई आवास योजनेतील घरकुल २६९ चौरस फुटांचे धरलेले आहे, हे ध्यानात घेतले तर ही जागा लहान नाही. ती नीट वापरली पाहिजे एवढेच.

जिना पुढेच का? वरच्या मजल्यावरच्या माणसाला खालच्याच्या घरातून जावे लागू नये म्हणून. रात्रपाळीहून आलेला भाऊ बाराला दार वाजवतो, वरच्या जावेकडे माहेरची माणसे येतात, त्यात कुणाला संकोच वाटू नये. जिन्याची रुंदी निदान सव्वातीन फूट असावी. पायरीची उंची सात इंच आणि पाऊल ठेवायला दहा इंच धरावे. आजारी माणसाला खाली आणायची वेळ आली, की या इंचांची किंमत कळते.

पाण्यावर पाणी

वरच्या न्हाणीखाली खालची न्हाणी, संडासाखाली संडास आणि स्वयंपाकघराखाली स्वयंपाकघर आलेच पाहिजे. पाइप सरळ उतरतात, खर्च वाचतो आणि गळती झाली तरी ती कुणाच्या झोपण्याच्या खोलीत किंवा चुलीवर येत नाही. सगळे पाइप चौकातूनच घ्यावेत. भिंतीत गाडलेला पाइप फुटला तर फरशी फोडावी लागते. न्हाणीत फरशी बसवण्यापूर्वी दोन दिवस पाणी साठवून ठेवावे. खालचे छत कोरडे राहिले तरच पुढचे काम करू द्यावे.

गच्चीवर दोन कुटुंबांच्या दोन टाक्या असाव्यात. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला सातशे लिटरच्या आसपास पाणी लागते. हजार लिटरची टाकी असली की एखादी वेळ पाणी आले नाही तरी निभावते. विजेचे मीटरही वेगळे घ्यावेत. वापर वाढला की युनिटचा दर चढतो, म्हणून दोन चुलींचे एकच बिल दोघांनाही महाग पडते आणि “तुमचा फ्रीज, आमचा पंखा” हा वादही सुरू होतो.

उजेड, वारा आणि अभ्यास

शेजारी दोन्हीकडे घरे असली की उजेड फक्त पुढून, मागून आणि चौकातून येतो. पैसे वाचवायला किंवा खोली वाढवायला चौकावर स्लॅब टाकू नये. तो बुजवला तर संडास-न्हाणीची हवाच बंद होते. खोलीच्या जमिनीच्या सहाव्या भागाइतकी खिडकी असावी. १० बाय १० च्या खोलीला ४ बाय ४ ची खिडकी पुरते. तिच्यावर दीड-दोन फुटांचा छज्जा हवा, म्हणजे पावसाळ्यात झड आत येत नाही.

मधला पट्टा थोडा अंधारा राहतो. तिथे कपाट, गाद्या, धान्याची कोठी ठेवावी. मुलांच्या अभ्यासाचे टेबल मात्र खिडकीशीच हवे. परळच्या चाळीतील एका खोलीत, मध्यरात्री उठून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली जाते. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेव्हा खाली कुटुंबाचे राहणे आणि वर ग्रंथालय अशी रचना केली. आपल्याला मजला देता येणार नाही, पण झोपण्याच्या खोलीत खिडकीखाली चार फुटांची फळी, वर पुस्तकांचा कप्पा आणि टीव्हीपासून वेगळे करणारे एक दार, एवढे तर देता येईल. दहावीच्या मुलीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करावा लागू नये.

खाली कोण, वर कोण?

म्हाताऱ्या आई-वडिलांनी तळमजल्यावर राहावे. त्यांच्यासाठी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा बसवावा. वरच्या मजल्याला एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबची आच लागते, म्हणून गच्चीला पांढरा चुना द्यावा. अंगण खालच्याचे आणि गच्ची वरच्याची असे कधीही ठरवू नये. जिना, गच्ची, चौक आणि अंगण सगळ्यांचे, हे लिहूनच ठेवावे. वाळवण, कपडे, टाकी आणि मंगलकार्य सगळ्यांनाच असते.

कागद आणि पाया

नाशकात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा. आज एकच मजला बांधणार असाल तरी पाया आणि कॉलम तीन मजल्यांचे धरून इंजिनिअरकडून काढून घ्यावेत. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उघड्या ठेवल्या तर गंजतात, त्यांवर कच्च्या काँक्रीटचे आवरण घालावे. मंजूर नकाशाशिवाय काम सुरू करू नये. सिडकोची घरे मुळात भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे आधी तो कागद तपासावा.

आणि बहिणींना विसरू नये. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. म्हणून नकाशासमोर बहिणीलाही बसवावे. तिला खोली, रक्कम किंवा काय द्यायचे ते बोलून ठरवावे. तिने आपखुशीने हक्क सोडला तरी हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. वडील हयात असतील तर कोणता मजला कोणाचा, हे त्यांनीच नोंदणीकृत लेखाने ठरवून द्यावे.

भाऊ वेगळे झाले म्हणजे घर मोडले, असे समजण्याचे कारण नाही. स्वतःचे दार, स्वतःची चूल आणि स्वतःचा नळ असला, की संध्याकाळी गच्चीवर सगळे एकत्र बसतात ते मनापासून.