दौंड : इंजिन फिरवणारं गाव

भीमेच्या उजव्या तीरावरचं हे गाव इंग्रजांच्या कागदोपत्री ‘धोंड’ असं लागलं. पुणे-सोलापूर मार्गावरचं हे स्टेशन १८७८ मध्ये मनमाडची लाइन सुरू झाल्यावर जंक्शन झालं. १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडीही येऊन मिळाली.

खरी गंमत पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची. ती दौंडात उलटी फिरे. इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत फलाटावर निवांत चहा होई. गाडी सुटली की पुढे तोंड करून बसलेला प्रवासी पाठमोरा निघे! आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइनवरून, म्हणजे दोन्ही मार्गांना थेट जोडणाऱ्या रुळांवरून, परस्पर वळतात. वेळ वाचतो, दौंडकरांना मात्र गाडीसाठी गावाबाहेरचं स्टेशन गाठावं लागतं.

शेजारच्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, रूळ अजून पोहोचलेले नाहीत. तिथे जायचं तर एसटीच.