सांध्यांना आनंदाचे वंगण

आपल्या व्यापारी वर्गाचा दिवस बैठकीवर उगवतो आणि बैठकीवरच मावळतो. तीस-चाळीस वर्षे अशी गेली, की साठीच्या सुमारास गुडघे आपला हिशेब मागू लागतात. प्रथम जिना कठीण वाटतो, पुढे मांडी घालून बसणे सुटते आणि अखेरीस दुकानी येणेही सुटते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची अवस्था निराळी नसते. मात्र त्यांच्या दुखण्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

दुखते म्हणून हालचाल थांबवावी, हा विचार स्वाभाविक असला तरी अंगाशी येणारा आहे. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते आणि हालचालीने तो द्रव खेळता राहतो. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुर्बळ होतात, वजन वाढते आणि दोहोंचा भार गुडघ्यावर येतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की शरीराचे वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पोती मोजण्यात हयात घालविलेल्यांस हे गणित समजावून सांगावयास नको.

डॉक्टर हेच सांगतात. आपण मान डोलावतो, आठ दिवस व्यायाम करतो आणि नवव्या दिवशी सोडून देतो. त्यास केवळ आळस कारण नव्हे. गुण येण्यास काही आठवडे लागतात, कष्ट मात्र त्याच क्षणी होतात. कष्ट रोखीचे आणि नफा उधारीचा, असा व्यवहार कोणता व्यापारी फार दिवस चालवील? म्हणून व्यायामात त्याच दिवशी पदरात पडणारा लाभ हवा. तो लाभ म्हणजे आनंद होय.

२०१६ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या २०४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना चीनमधील ‘ताई ची’ हा संथ, लयबद्ध व्यायाम दिला, तर काहींना नेहमीची फिजिओथेरपी. बारा आठवड्यांनंतर दोहोंची वेदना सारखीच उतरली होती. तात्पर्य, मार्ग एकच नाही. आवडीस वाव आहे.

बेळगावात राहणाऱ्याने स्नेह्यासोबत बाजारभावाच्या गप्पा करीत किल्ल्यातील कमलबस्तीपर्यंत चालत जावे. सोबती वाट पाहत असला की खाडा होत नाही. ज्यास पोहणे येते त्याचा भार पाणीच उचलते. संगीतप्रेमी मनुष्याने आवडते नाट्यपद ऐकत, खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून क्षणभर धरावा. भगिनींनी बागकाम करावे, अथवा झेपेल तसा भोंडल्याचा फेर धरावा.

मात्र आनंद म्हणजे अविचार नव्हे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. सांधा लाल, गरम वा सुजलेला असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. पण आरंभ दहा मिनिटांनी केला तरी चालेल. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

पेठेपेठेतील समव्यवसायी बंधूंनी पहाटे एकत्र फिरण्याचा परिपाठ ठेवावा आणि घरच्या मंडळींसही सोबत घ्यावे, एवढीच विनंती. भांडवल काही लागत नाही. आणि मिळकत अशी, की आपल्या पायांनी आपल्या दुकानाची पायरी चढता यावी.