टाकण्यातला विवेक

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. विशाळगड जहागिरीचे हे जुने ठाणे. आज शाहूवाडी तालुक्यातील नगरपरिषदेचे छोटे शहर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांची बाजारपेठ. किराणा, कापड, भुसार, भांडी अशा व्यापारात पिढ्यान्पिढ्या रमलेली आपली अनेक कुटुंबे अशाच गावांत दुकानामागे किंवा माडीवर राहतात. त्यामुळे सकाळी घंटागाडी दाराशी येते, तेव्हा घराचा आणि दुकानाचा कचरा बहुधा एकाच डब्यातून बाहेर पडतो. भाजीची देठे, खोक्यांचे तुकडे, साडीवरचे प्लॅस्टिक, संपलेला सेल आणि काल रात्रीचे उरलेले अन्न, सारे एकत्र. डबा रिकामा झाला की आपले काम संपले, असे आपण मानतो.

वास्तविक काम तेथे सुरू होते. मलकापूरची शाळी नदी कडवीला मिळते, कडवी वारणेला आणि वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला. या भागातील मुसळधार पावसात ओढ्याकाठी टाकलेली पिशवी आपल्याच सांगलीकर सोयऱ्यांच्या गावापर्यंत वाहत जाऊ शकते. ‘टाकून दिले’ म्हणजे नाहीसे झाले, असे कधीच होत नाही.

याहून जवळचे आणि अधिक क्लेशदायक उदाहरण गाईचे आहे. उरलेली पोळी वाया जाऊ नये, या सद्हेतूने आपण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. गाईला गाठ सोडता येत नाही. अन्नाच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पुढे सरकत नाही. तिच्या पहिल्या पोटात वर्षानुवर्षे साठत राहते आणि शेवटी चाऱ्यालाच जागा उरत नाही. एका हाताने पांजरपोळीला देणगी देणारे आपण दुसऱ्या हाताने नकळत हे करीत असतो. जीवदयेचा विचार करणाऱ्या घराने या एका गाठीचा तरी विचार करावयास हवा.

आपल्या परंपरेत या विषयाला स्थान नाही, असे नाही. मुनींच्या पाच समितींपैकी शेवटची प्रतिष्ठापना समिती ही टाकण्याविषयीच आहे. जागा पाहून, जीवजंतूंना इजा होणार नाही अशा रीतीने त्याज्य वस्तूचे विसर्जन करणे, हा तिचा आशय. श्रावकासाठी अनर्थदंडविरमण व्रतात प्रमादचर्येचा, म्हणजे निष्काळजी वर्तनाचा, त्याग सांगितला आहे. कारण नसताना, केवळ बेफिकिरीने घडणारी हिंसा टाळणे, हे त्याचे मर्म. ताट धुऊन पिणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘कचरा कमी करा’ हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता व्यवहाराकडे वळू. भुसार व्यापाऱ्याला ठाऊक असते की, गहू आणि हरभरा मिसळला की दोहोंचाही भाव जातो. कचऱ्याचे गणित तेच आहे. कोरडा पुठ्ठा हा माल आहे. आमटीने भिजलेला पुठ्ठा हा उकिरडा. कागदाच्या गिरणीत लगद्यापासून तेल सहज वेगळे होत नाही, म्हणून थोडा तेलकट कागदही चांगली रद्दी बिघडवतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली, ती याच कारणाने.

सुक्यात रद्दी, खोकी, बाटल्या, डबे, काच, पत्रा. दुधाची पिशवी विसळून, वाळवून ठेवावी. कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो इवला तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक वितळवून पॉलिस्टरचा धागा होतो, म्हणजे आजची बाटली उद्या कापडाच्या दुकानात परत येऊ शकते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवण्यास, नवे तयार करण्याच्या तुलनेत जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. मात्र वेफरची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असल्याने त्यांचा पुनर्वापर अवघड, आणि यंत्रातून निघणारी गुळगुळीत बिले रासायनिक लेपाची असल्याने रद्दीत घालू नयेत. पावसाळ्यात पुठ्ठा माळ्यावर, कोरड्या जागी ठेवावा.

सेल, जुन्या औषधांच्या बाटल्या, रंगाचे डबे, पारा असलेल्या नळ्या व दिवे यांचा डबा वेगळा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात बांधून, खूण करून द्यावेत. ते उघडणारे हातही कोणा माउलीचे असतात.

ओल्या कचऱ्याविषयी श्राविका एक रास्त प्रश्न विचारतात: खतात जीव उत्पन्न होतात, मग ते घरी करावे का? ज्यांना शंका असेल त्यांनी गुरुजनांना विचारावे. परंतु बंद पिशवीत कुजणाऱ्या अन्नातही जीव होतातच. पुढे ढिगाऱ्यात हवा न मिळाल्याने मिथेन वायू साठतो आणि कचरा डेपोला आगी लागतात. म्हणून प्रथम उरवणेच कमी करावे, ताजी साले त्याच दिवशी जनावरांना घालावीत आणि राहिलेले सुक्या पाल्यात मिसळून, चिखल होऊ न देता परसात जिरवावे.

छोट्या गावांना हे जमत नाही, असेही नाही. सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत घराघरांतून वर्गीकरण सुरू केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस झाला, प्लॅस्टिक डांबरी रस्त्यांत वापरले गेले आणि जेथे नाक दाबून जावे लागे ती कचरा डेपोची जागा ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ म्हणून लोक पाहू लागले. स्वच्छ सर्वेक्षणात 1 लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत 2021 साली विटा, 2022 साली पाचगणी व 2023 साली सासवड देशात प्रथम आले. तिन्ही गावे आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातील.

समाज म्हणूनही काही करता येईल. पूजा, पारणे, विवाह अशा प्रसंगी प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदी ताटल्यांचा ढीग लागतो. त्या ना रद्दीत जातात, ना खतात. मंदिरात स्टीलच्या शे-दोनशे ताटांचा संच ठेवला, तर तो साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल. एखाद्या कुटुंबाने स्मरणार्थ देण्याजोगे हे दान आहे.

पर्वकाळात आपण हिरव्या भाजीचा, रात्रिभोजनाचा नियम घेतो. यंदा आणखी एक घेऊ: या घरातून अन्न प्लॅस्टिकच्या गाठीत बांधून बाहेर जाणार नाही. डबे तीन ठेवण्याची सवय त्यामागून आपोआप लागेल. दुकानातल्या मुलालाही तेच सांगावे, आणि सांगण्यापूर्वी मालकाने स्वतः करून दाखवावे.